रेडिओलॉजी रिपोर्ट 'चांगला' कधी असतो? चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर त्यात काय बघतात

मोबाईलवर पीडीएफ आली. उघडली तर वर सेंटरचा लोगो, खाली दोन पानं इंग्रजी आणि शेवटी 'क्लिनिकली कोरिलेट' असं एक वाक्य. मग आपण काय करतो? पीडीएफ घरच्या ग्रुपवर टाकतो, त्यातले दोन-चार शब्द गूगलवर शोधतो आणि रात्रभर घाबरून बसतो.

मित्रांनो, हा रिपोर्ट मुळात आपल्यासाठी लिहिलेलाच नसतो. ते एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेलं पत्र असतं. त्यामुळे रिपोर्ट चांगला की वाईट, हे पानांच्या संख्येवरून किंवा चकचकीत फाईलवरून ठरत नाही. ज्या डॉक्टरने तपासणीसाठी पाठवलं, त्याला पुढचा निर्णय घ्यायला तो उपयोगी पडला का, यावरून ठरतं. या लेखात आपण त्या डॉक्टरांच्या बाजूने रिपोर्टकडे बघू. उदाहरणं यवतमाळ जिल्ह्यातली घेऊ, कारण इथे एका अर्धवट रिपोर्टची किंमत अनेकदा शंभर किलोमीटरचा एसटी प्रवास आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी असते.

कोण कोणाला लिहितं?

यात तीन माणसं असतात.

- पाठवणारे डॉक्टर: तुम्हाला तपासून 'छातीचा एक्स-रे काढून या' अशी चिठ्ठी देतात. हे गावातले फॅमिली डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी किंवा मोठ्या हॉस्पिटलचे सर्जन, कोणीही असू शकतात.
- टेक्निशियन: मशीनवर प्रत्यक्ष फोटो काढतो. रिपोर्ट तो लिहीत नाही.
- रेडिओलॉजिस्ट: एमबीबीएसनंतर या विषयात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो चित्रं वाचतो आणि रिपोर्टवर सही करतो.

सोनोग्राफीत मात्र वेगळं असतं. तिथे बहुतेक वेळा डॉक्टर स्वतःच प्रोब फिरवतात आणि त्याच क्षणी पडद्यावर बघून निष्कर्ष काढतात. नंतर कागदावर चार-सहा चित्रंच उरतात. म्हणून सोनोग्राफीत लिहिलेल्या शब्दांवर पाठवणाऱ्या डॉक्टरला जास्त अवलंबून राहावं लागतं.

यवतमाळहून चित्र जातं कुठे?

यवतमाळ शहरात श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९८९ मध्ये सुरू झालं. पण जिल्हा मोठा आहे, १६ तालुक्यांचा. उमरखेडच्या माणसाला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडतं. वणीचा पेशंट चंद्रपूर किंवा नागपूर गाठतो. नेर-दारव्ह्याकडचे बरेच जण अमरावतीला जातात. परिणाम असा की एकाच माणसाचे तीन रिपोर्ट तीन शहरांतले, तीन पद्धतींनी लिहिलेले असतात.

दुसरा मार्ग म्हणजे टेलिरेडिओलॉजी. एक्स-रे तालुक्याच्या गावात निघतो, इंटरनेटवरून दुसऱ्या शहरातल्या रेडिओलॉजिस्टकडे जातो आणि रिपोर्ट परत येतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये मोफत तपासण्यांची जी योजना आणली, त्यात टेलिरेडिओलॉजी आणि जिल्हा रुग्णालयातल्या सीटी स्कॅनचाही समावेश होता.

हे चित्र 'डायकॉम' नावाच्या फॉरमॅटमध्ये असतं. त्यात चित्रासोबत पेशंटचं नाव, वय, तारीख आणि मशीनची सेटिंग अशी माहितीही असते. म्हणून मशीन कोणत्याही कंपनीचं असो, चित्र दुसरीकडे उघडता येतं. ही चित्रं साठवून ठेवणाऱ्या आणि हवी तेव्हा दाखवणाऱ्या यंत्रणेला 'पॅक्स' म्हणतात.

लांब बसलेल्या रेडिओलॉजिस्टला पेशंट दिसत नाही. त्याचा खोकला ऐकू येत नाही. त्याच्याकडे फक्त चित्र आणि चिठ्ठीवरच्या दोन ओळी असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रिपोर्टचे पाच भाग

१. तक्रार किंवा इतिहास: तपासणी कशासाठी केली.
२. तंत्र: कोणती तपासणी, कोणत्या भागाची, इंजेक्शन म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन की न देता.
३. तुलना: जुनी तपासणी बघितली का, कोणत्या तारखेची.
४. निरीक्षणं: काय काय दिसलं.
५. इम्प्रेशन: या सगळ्यावरून निष्कर्ष काय.

गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर सहसा आधी पाचवा भाग वाचतात. तिथे उत्तर सापडलं नाही तर वर जातात. म्हणून निरीक्षणांमध्ये महत्त्वाची गाठ लिहिली आणि इम्प्रेशनमध्ये ती राहून गेली, तर ती नजरेतून सुटण्याचा धोका खरा असतो.

डॉक्टरांना रिपोर्टमध्ये काय हवं असतं?

हा वाद नवा नाही. अमेरिकेतल्या प्रेस्टन हिकी या रेडिओलॉजिस्टने १९२२ मध्येच एक्स-रे रिपोर्टची भाषा सगळीकडे सारखी असावी असा आग्रह धरला होता. अलीकडे, २०११ मध्ये, बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या पाठवणाऱ्या डॉक्टरांना आणि रेडिओलॉजिस्टना रिपोर्टबद्दल प्रश्न विचारून केलेला एक सर्व्हे प्रसिद्ध झाला. बहुतेक डॉक्टरांनी रिपोर्टशिवाय काम चालत नाही असं सांगितलं. गुंतागुंतीच्या तपासण्यांचा रिपोर्ट सलग परिच्छेदांऐवजी मुद्द्यांमध्ये असावा, याकडे कल होता. आणि रेडिओलॉजिस्टला चांगली माहिती व नेमका प्रश्न देणं ही आपली जबाबदारी आहे, हेही त्यांनी मान्य केलं.

थोडक्यात अपेक्षा अशा:

- विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. चिठ्ठीत 'अपेंडिक्स आहे का?' असं विचारलं असेल तर अपेंडिक्स दिसलं की नाही, सुजलंय की नाही, हे स्पष्ट हवं. 'अपेंडिक्स दिसू शकलं नाही' हेही प्रामाणिक उत्तर आहे. त्याबद्दल काहीच न लिहिणं मात्र उत्तर नाही.
- खात्री किती ते कळावं. 'असू शकतं', 'नाकारता येत नाही', 'शक्यता वाटते' हे शब्द एकामागून एक आले की डॉक्टर पुन्हा सुरुवातीच्या जागी येतात.
- मापं. 'छोटी गाठ' यावरून तीन महिन्यांनी ती वाढली की नाही कळत नाही. '१२ मिलिमीटर' यावरून कळतं.
- जुन्याशी तुलना. फुफ्फुसातला डाग दोन वर्षांपूर्वीही तसाच होता की नवीन आहे, यावर उपचाराची दिशा बदलते.
- पुढे काय? आणखी तपासणी हवी का, किती दिवसांनी.
- वेळ. मेंदूतला रक्तस्राव किंवा छातीत हवा साठून फुफ्फुस दबणं असं काही दिसलं तर रिपोर्ट टाईप होईपर्यंत थांबायचं नसतं. रेडिओलॉजिस्टने थेट फोन करायचा असतो.

विश्वास कशाने उडतो?

रेडिओलॉजिस्ट बऱ्याचदा तयार साचा वापरतात. त्याने वेळ वाचतो आणि एखादा अवयव राहून जात नाही. पण साचा न तपासता सही केली की गंमत होते. पित्ताशय ऑपरेशन करून काढून टाकलेल्या पेशंटच्या रिपोर्टमध्ये 'पित्ताशय नॉर्मल' असं छापून येतं. कधी वरच्या परिच्छेदात डावी किडनी आणि इम्प्रेशनमध्ये उजवी असते.

अशी एक चूक सापडली की डॉक्टरच्या मनात लगेच प्रश्न येतो: मग बाकीचं तरी नीट बघितलंय का? पुढच्या वेळी तो पेशंटला दुसऱ्या सेंटरला पाठवतो, किंवा तीच तपासणी पुन्हा करायला सांगतो. पैसे आणि दिवस, दोन्ही पेशंटचे जातात.

पण चूक एकाच बाजूची नसते

रेडिओलॉजिस्टना विचारा, ते तुम्हाला चिठ्ठी दाखवतील. तिच्यावर फक्त 'एक्स-रे चेस्ट' लिहिलेलं असतं. खोकला किती दिवसांचा, ताप आहे का, काम काय करतो, काहीच नाही. हे किती महत्त्वाचं आहे, ते आपल्याच जिल्ह्यातल्या तीन उदाहरणांनी बघू.

१. फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक लोकांचा जीव गेला. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत फुफ्फुसात स्राव साठतो, कधी उलटी श्वासनलिकेत जाते. एक्स-रेवर दोन्ही बाजूंना पांढरे धब्बे दिसू शकतात. साध्या न्यूमोनियातही धब्बेच दिसतात. चिठ्ठीत 'दोन दिवसांपूर्वी फवारणी' हे शब्द असतील तर रेडिओलॉजिस्टचा विचार योग्य दिशेने जातो. नसतील, तर तो जे दिसतंय त्यावरून 'न्यूमोनिया' लिहील, आणि त्याची चूक म्हणता येणार नाही.

२. कोळसा खाण. वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत. वर्षानुवर्षे कोळशाच्या धुळीत काम केल्यावर फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठी किंवा व्रण दिसू शकतात. क्षयरोगही बहुधा वरच्याच भागात दिसतो. 'वीस वर्षं खाणीत काम' ही एक ओळ नसेल तर दोन्हींमध्ये गल्लत होऊ शकते. आणि खाणकामगाराला टीबीसुद्धा होऊ शकतो, त्यामुळे थुंकीची तपासणी टाळूनही चालत नाही.

३. पाण्यातलं फ्लोराईड. जिल्ह्याच्या पांढरकवडा भागात काही गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आढळलं आहे. असं पाणी बरीच वर्षं पिलं की हाडं एक्स-रेवर नेहमीपेक्षा दाट, जास्त पांढरी दिसू शकतात. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला तरी हाडं दाट दिसतात. आता विचार करा, दुसऱ्या राज्यात बसून रिपोर्ट लिहिणाऱ्याला या गावाचं पाणी माहीत कसं असणार? चिठ्ठीत गाव आणि बोअरचं पाणी आलं, तर एका म्हाताऱ्या माणसाच्या घरात विनाकारण शिरणारी कॅन्सरची भीती टळू शकते.

तिन्ही ठिकाणी मशीन चांगलं होतं, इंटरनेटही चांगलं होतं असं धरा. तरी रिपोर्टचा दर्जा एका ओळीवर ठरला. ती ओळ पेशंटने डॉक्टरला सांगायची असते आणि डॉक्टरने चिठ्ठीत लिहायची असते.

'क्लिनिकली कोरिलेट' म्हणजे काय?

अर्थ असा: 'चित्रात मला हे दिसलं, ते पेशंटच्या लक्षणांशी जुळतं का, तुम्ही बघा.' काही वेळा हे अगदी बरोबर असतं, कारण एकाच चित्रामागे तीन-चार आजार असू शकतात. पण नॉर्मल रिपोर्टलाही हेच वाक्य चिकटवलं की ते 'जबाबदारी तुमची' असं ऐकू येतं. त्यापेक्षा 'ताप असेल तर संसर्गाची शक्यता जास्त, नसेल तर सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे' असं लिहिलं तर डॉक्टरला काहीतरी हातात मिळतं.

आणखी काही शब्द:

- 'नो सिग्निफिकंट ॲबनॉर्मॅलिटी': या तपासणीत महत्त्वाचं काही दिसलं नाही. 'आजार नाहीच' असा याचा अर्थ नाही.
- 'सजेस्टिव्ह ऑफ': या आजाराकडे कल आहे, शिक्कामोर्तब नाही.
- 'इन्सिडेंटल': शोधत होतो एक, सहज दिसलं दुसरं. बऱ्याचदा निरुपद्रवी असतं, पण डॉक्टरला दाखवायचं राहू देऊ नका.
- 'प्रोव्हिजनल': तात्पुरता रिपोर्ट. अंतिम रिपोर्ट यायचा बाकी आहे.

आकड्यांचे रिपोर्ट आणि कोविडचा धडा

संदिग्ध भाषेवर उपाय म्हणून काही तपासण्यांत ठरावीक श्रेण्या आल्या. स्तनाच्या तपासणीत 'बाय-रॅड्स' ही ० ते ६ अशी श्रेणी वापरतात. २ म्हणजे साधी, निरुपद्रवी गोष्ट. ४ म्हणजे संशय आहे, तुकडा काढून तपासायचा विचार करा. ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रं लागतील. यवतमाळच्या डॉक्टरला आणि मुंबईच्या सर्जनला ४ चा अर्थ एकच कळतो. हाच फायदा.

पण आकडा एकट्याने फिरायला लागला की काय होतं, ते आपण २०२१ मध्ये पाहिलंय. 'स्कोअर किती आला?' हा प्रश्न तेव्हा घराघरात होता. फुफ्फुसाच्या पाच भागांना प्रत्येकी ५ पर्यंत गुण देऊन २५ पैकी स्कोअर काढत. तो आकडा व्हॉट्सॲपवर आधी पोचायचा, डॉक्टरकडे नंतर. खरं तर सोबत ऑक्सिजन किती, आजाराचा कितवा दिवस, वय काय, हे बघितल्याशिवाय स्कोअरवरून उपचार ठरत नव्हता. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीही सौम्य लक्षणांत सीटी काढायची घाई करू नका असं जाहीरपणे सांगितलं होतं.

व्हॉट्सॲपवरच्या फोटोत काय हरवतं?

डिजिटल छातीचा एक्स-रे साधारण २००० बाय २५०० पिक्सेलचा धरला आणि प्रत्येक पिक्सेलला २ बाइट लागले, तर फाईल १० एमबीच्या आसपास जाते. त्यात करड्या रंगाच्या ४०९६ छटा असू शकतात. मोबाईलच्या साध्या जेपीईजी फोटोत २५६ छटा उरतात, वर व्हॉट्सॲप तो आणखी दाबतं. बारीक फ्रॅक्चर किंवा पुसट डाग त्यातच गायब होऊ शकतो. खिडकीला फिल्म धरून फोटो काढला असेल तर उजेडाचे पट्टेही येतात.

सीटीचं तर आणखी अवघड. एका तपासणीत ३०० चित्रं असली तर डेटा १५० एमबीच्या घरात जातो. फुफ्फुस बघायला एक सेटिंग, हाड बघायला दुसरी, मऊ भाग बघायला तिसरी. फिल्मवर यातली निवडक चित्रंच छापलेली असतात. त्यामुळे फिल्मच्या फोटोवर कोणी ठाम निदान देत असेल तर जरा सावध राहा.

एआय रिपोर्ट लिहील का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांत टीबीच्या चाळणीसाठी एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर वापरायला मान्यता दिली. मुंबईची क्यूअर डॉट एआय ही कंपनी याच क्षेत्रात आहे. पण सॉफ्टवेअर 'टीबी असण्याची शंका किती' एवढं सांगतं. टीबी आहे हे थुंकीच्या तपासणीतून पक्कं करायचं असतं. जिथे रेडिओलॉजिस्ट नाही तिथे ही चाळणी मोलाची आहे. पण फवारणी, खाण, बोअरचं पाणी हे त्यालाही कोणीतरी सांगावंच लागतं.

तुम्ही मोबाईलवरून काय करू शकता?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फाईली आता तुमच्याच फोनमध्ये असतात. म्हणून ही यादी तुमच्यासाठी.

- तपासणीला जाण्याआधी चिठ्ठी वाचा. त्रास, किती दिवसांपासून, काम आणि जुने ऑपरेशन लिहिलेलं नसेल तर डॉक्टरला विनंती करा: 'सर, एवढं चिठ्ठीवर लिहून देता का?'
- जुने रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या. 'तुलनेसाठी आणलंय' असं काउंटरवर सांगा.
- सेंटरला डायकॉम फाईल, सीडी किंवा लिंक मागा. लिंक काही दिवसांनी बंद होऊ शकते, म्हणून लगेच डाउनलोड करा.
- व्हॉट्सॲपवर पाठवायचं झालं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको.
- फाईलला नाव द्या: नाव, तपासणी, तारीख. 'आयएमजी ००४७' डॉक्टरसमोर सापडत नाही.
- आभा खातं काढता येतं. त्याचा क्रमांक १४ अंकी असतो आणि जोडलेल्या दवाखान्यांचे रिपोर्ट तुमच्या संमतीने एका जागी बघता येतात.
- रिपोर्टवर नाव, वय, बाजू (डावी-उजवी) आणि तारीख तपासा. चूक असेल तर सेंटरकडून दुरुस्त, सही केलेला रिपोर्ट घ्या. स्वतः खाडाखोड करू नका.
- कुणाचाही रिपोर्ट ग्रुपवर टाकण्याआधी त्या माणसाला विचारा.

नेहमीचे प्रश्न

रिपोर्ट आणि डॉक्टरचं मत वेगळं असेल तर?
असं होतं. डॉक्टरने पेशंट तपासलेला असतो, रेडिओलॉजिस्टने चित्र. डॉक्टरला 'एकदा रेडिओलॉजिस्टशी बोलता का?' असं विचारायला लाजू नका. पाच मिनिटांच्या फोनने पुष्कळ गोंधळ सुटतात.

दुसरं मत घ्यायचं तर तपासणी पुन्हा करावी लागते का?
प्रत्येक वेळी नाही. मूळ डायकॉम फाईल नीट असेल तर दुसरा रेडिओलॉजिस्ट तीच चित्रं पुन्हा वाचू शकतो. म्हणूनच फाईल जपून ठेवायची.

भरती असतानाचे कागद मागता येतात का?
हो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं, आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं जपायचं असतं.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत मुलगा-मुलगी का सांगत नाहीत?
१९९४ च्या कायद्याने ते सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे. रिपोर्टमध्ये ते नसणं ही त्रुटी नाही.

रिपोर्ट नॉर्मल, पण त्रास चालूच. मग?
डॉक्टरकडे परत जा. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर मिळालं, एवढंच. त्रास कशाचा आहे, हा प्रश्न अजून बाकी आहे.

पुढच्या वेळी मोबाईलवर पीडीएफ आली की शेवटचं वाक्य गूगल करण्याआधी पहिली ओळ बघा. तपासणी कशासाठी केली, ते तिथे लिहिलंय का? ती जागा कोरी असेल, तर डॉक्टरकडे जाताना ती माहिती स्वतः सोबत घेऊन जा.